सत्तर किलोमीटरचं क्षेपणास्त्र आणि तीस किलोमीटरचं क्षितिज

फर्मागुडीला इंजिनीअरिंग शिकणाऱ्या एका मुलाचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. नौदल सप्ताहात मुरगाव बंदरात युद्धनौका लोकांना पाहायला खुल्या ठेवतात, तशी एक पाहून तो फोंड्याला परतला आणि रात्रभर मोबाइलवर आकडे शोधत बसला. त्याचं म्हणणं असं: "काका, विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका, म्हणजे आपली आयएनएस मुरगावसुद्धा, हवाई संरक्षणासाठी नावाजलेल्या. पण त्यांच्यावरचं बराक-८ हे विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणारं क्षेपणास्त्र जेमतेम सत्तर-ऐंशी किलोमीटर जातं. जमिनीवरचं एस-४०० चारशे किलोमीटर मारतं. त्यात बराक फक्त ३२. अमेरिकेच्या विनाशिकेला क्षेपणास्त्रांचे ९६ खाने, चीनच्या ०५२डीला ६४. मग आपण कमी पडतो का?"

दोन शब्दांत सांगायचं तर पल्ल्यात नाही, संख्येत हो. पण तेवढ्यावर तू गप्प बसणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी नौदलात सत्तावीस वर्षं रडार प्लॉटर होतो. पडद्यावरचा ठिपका कुठून आला, कुठे चाललाय, कोणाचा आहे, हे ओळखून वर कळवायचं, हे आमचं काम. बराक-८ आणि नवी रडारं आली तोवर मी घरी येऊन चिखलीला भाटात नारळ मोजायला लागलो होतो. त्यामुळे नव्या जहाजांबद्दल जे सांगतो ते जाहीर झालेलंच आहे. समुद्र मात्र तेव्हाचाच आहे आणि पृथ्वीची गोलाईही बदललेली नाही. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या गोलाईतच आहे.

एका संध्याकाळी बोगमाळोच्या किनाऱ्यावर ये. पाण्याच्या कडेला उभा राहा आणि बाहेर जाणारा एखादा ट्रॉलर बघत राहा. आधी त्याचं अंग बुडतं, मग केबिन, आणि शेवटी नुसती काठी उरते. उभ्या माणसाच्या डोळ्याला क्षितिज साडेचार-पावणेपाच किलोमीटरवर. त्यापुढे पाणी खाली वळतं. आता दाबोळीच्या पठारावर चढ आणि समुद्रसपाटीपासून पन्नास मीटर उंचीवरून बघ. क्षितिज पंचवीस किलोमीटरवर सरकलेलं असेल आणि मघाशी बुडालेला ट्रॉलर परत वर आलेला दिसेल. डोळे तेच आहेत, बदलली ती फक्त उंची.

रडारचंही असंच आहे. रेडिओ लहरी हवेत किंचित खाली वाकतात म्हणून रडारला डोळ्यापेक्षा थोडं पुढचं दिसतं, एवढाच फरक. आमच्या कामातलं सूत्र सोपं होतं: रडारच्या उंचीचं वर्गमूळ अधिक लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही उंच्या मीटरमध्ये, आणि बेरजेला ४.१२ ने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये. रडार पाण्यापासून २५ मीटरवर आहे असं धर. दहा हजार मीटरवरून जाणारं विमान त्याला चारशे तीस किलोमीटरवरून दिसू शकतं. तेच विमान शंभर मीटरवर उतरलं तर बासष्ट किलोमीटरवर आल्याशिवाय दिसणार नाही. आणि लाटांना चाटून पाच मीटरवरून येणारं जहाजभेदी क्षेपणास्त्र? तीस किलोमीटर. त्याच्या अलीकडे आलं तरच दिसेल. रडार कोणाचंही असो, कितीही कोटींचं असो.

आता तुझे सत्तर आणि चारशे हे आकडे या तीसच्या शेजारी ठेवून बघ. एस-४०० चं जे चारशे किलोमीटरवालं क्षेपणास्त्र आहे, ते उंचावरून उडणाऱ्या मोठ्या विमानांसाठी. खालून येणारं लक्ष्य त्यालाही क्षितिजाच्या अलीकडेच गाठावं लागतं. जमिनीवर निदान डोंगर तरी असतो, त्यावर रडार नेऊन ठेवता येतं. जहाजाला डोंगर नाही. डोलकाठी जितकी उंच तेवढंच, आणि तिथेही फार वजन चढवलं तर जहाज डुलायला लागतं.

इथे जहाजाची माहिती चटकन उरकतो, ती तू वाचलीच असशील. लांबी १६३ मीटर, वजन ७,४०० टन, चार गॅस टर्बाइन, वेग ३० नॉटच्या वर, माणसं सुमारे तीनशे. बांधणी मुंबईला माझगाव डॉकमध्ये. चार जहाजांचा करार २०११ च्या जानेवारीत झाला. विशाखापट्टणम २१ नोव्हेंबर २०२१ ला दाखल झाली, मुरगाव १८ डिसेंबर २०२२ ला, इंफाळ २६ डिसेंबर २०२३ ला आणि सुरत १५ जानेवारी २०२५ ला. मुरगाव पहिल्यांदा समुद्रात गेली ती १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी. (कागदोपत्री तिचं नाव 'मोरमुगाओ' असं लिहितात. वास्कोत बसून ते मला लिहवत नाही. मी मुरगावच लिहिणार.)

दाखल होण्याची १८ डिसेंबर ही तारीख मला विशेष वाटते. १९६१ मध्ये त्याच तारखेला आपल्या बेटवा आणि बियास या फ्रिगेटांनी मुरगाव बंदरात पोर्तुगीजांच्या 'अफोंसो द अल्बुकर्क' या जहाजावर तोफा डागल्या होत्या. शत्रूचं जहाज डोळ्यांनी दिसत होतं आणि काम तोफांचं होतं. नौदलांचं जग तोवर तसंच होतं. पुढे सहाच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६७ ला, इजिप्तच्या छोट्या बोटींनी पोर्ट सैद बंदरातूनच स्टिक्स क्षेपणास्त्रं सोडून इस्रायलची 'इलात' ही विनाशिका बुडवली. बोटी लहान, शिकार मोठी. १९७१ च्या डिसेंबरात आपल्या बोटींनी तीच क्षेपणास्त्रं कराचीवर वापरली. तेव्हापासून प्रत्येक नौदलाला एकच चिंता लागून राहिली: असं काही आपल्याकडे यायला लागलं तर ते किती वेळ आधी दिसेल?

किती वेळ आधी. किती किलोमीटर आधी, हा प्रश्नच चुकीचा. ऑप्स रूममध्ये, म्हणजे जहाजाची लढाई चालवायच्या खोलीत, आम्ही अंतर मैलात बोलायचो, पण मनातला हिशेब सेकंदांचा असायचा.

ऑप्स रूम म्हणजे काय ते तुला दाखवली नसेल, लोकांना तिथे नेत नाहीत. मे महिन्यात बाहेर डेकवर अनवाणी पाय टेकवत नाही, आणि आत आम्ही स्वेटर घालून. यंत्रांसाठी एसी, माणसांसाठी नाही. अंधार, निळसर दिवे, कानांवर हेडफोन. एका कानात जहाजातला आवाज, दुसऱ्या कानात बाजूच्या जहाजांचा. माझ्या सुरुवातीच्या काळात मध्ये एक मोठी पारदर्शक पाटी उभी असायची. तिच्या मागे उभं राहून मेणाच्या पेन्सिलीने लक्ष्यांचे मार्ग आणि आकडे काढायचे, आणि समोरून अधिकारी वाचणार म्हणून सगळं आरशातल्यासारखं उलटं लिहायचं. मला अजून येतं. नातीच्या पाटीवर तिचं नाव उलटं लिहून दाखवलं की ती खूश होते आणि माझी बायको म्हणते, सरकारने एवढी वर्षं पगार देऊन हेच शिकवलं.

एक फजिती सांगतो. गोव्यासमोरच सराव चालला होता. दाबोळीवरून सी हॅरिअर उठणार आणि क्षेपणास्त्राचं सोंग घेऊन पाण्याला लागून आमच्यावर येणार, हे आम्हाला आधीच माहीत होतं. दिशाही अंदाजाने ठाऊक. वाऱ्याने समुद्र खवळलेला, त्यामुळे पडद्यावर लाटांचा कचरा. त्या कचऱ्यात मला एक ठिपका दिसला. रडारच्या पुढच्या फेरीत तो नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा दिसला, पण जरा आत सरकलेला. मी वाट पाहिली. खोटा इशारा दिला तर शिव्या बसतात, म्हणून आणखी एक फेरी. मग तोंड उघडलं. चीफने दिशा विचारली, मी सांगितली, त्याने वर कळवलं, वरून एक प्रश्न आला आणि तेवढ्यात डोक्यावरून विमानाचा असा आवाज गेला की चहाचे मग थरथरले. हिशेबवहीत आम्ही बुडालो होतो. नंतर घड्याळ लावून पाहिलं. मी गप्प बसून घालवलेल्या त्या दोन फेऱ्या आठ सेकंदांच्या होत्या.

आठ सेकंदांत काय होतं बघ. आवाजापेक्षा थोडं कमी वेगाचं क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ३०० मीटर येतं. तीस किलोमीटरवर दिसलं तर शंभर सेकंद हातात. ओळखायला आणि हुकूम व्हायला पंधरा सेकंद गेले असं धरू. बराकचा सरासरी वेग सेकंदाला ६०० मीटर धरला तर दोघांची गाठ जहाजापासून सतरा किलोमीटरवर पडते. चुकलं तर दुसरं सोडायला वेळ आहे, गाठ दहा किलोमीटरवर. तिसऱ्यालाही जागा आहे. आता तेच स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, क्षेपणास्त्र घे, सेकंदाला ९०० मीटर. तीस किलोमीटर यायला त्याला तेहतीस सेकंद. पंधरा सेकंदांत आपलं क्षेपणास्त्र सुटलं तर गाठ साडेसहा किलोमीटरवर. चुकलं तर उरतात सात सेकंद आणि जवळच्या माऱ्याच्या एके-६३० तोफा. आणि माझ्यासारख्याने आठ-दहा सेकंद 'खात्री' करण्यात घालवले तर पहिलीच गाठ तीन किलोमीटरवर पडते, जिथे फुटलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडेही जहाजावर येऊन आदळू शकतात. हे आकडे मी गोळाबेरीज धरलेत, वेग आणि उंची बदलली की बदलतील. पण मुद्दा बदलत नाही: या गणितात बराकचा पल्ला कुठेही आडवा आला नाही. आडवा आला तो वेळ.

म्हणून आधीच्या कोलकाता वर्गात आणि मग विशाखापट्टणम वर्गात खरी झेप कोणती असं मला विचारशील तर मी रडारकडे बोट दाखवीन. डोलकाठीच्या चारही बाजूंना सपाट पाट्या दिसतात ना, ते एमएफ-स्टार. ते फिरत नाही. आमची रडारं फिरायची. मिनिटाला पंधरा फेऱ्या म्हटलं तरी एका दिशेला दर चार सेकंदांनी एकदाच नजर जायची, आणि त्या चार सेकंदांत स्वनातीत क्षेपणास्त्र साडेतीन किलोमीटर पुढे आलेलं असायचं. या पाट्या चारही बाजूंना सतत बघतात आणि किरण इलेक्ट्रॉनिक रीतीने इकडून तिकडे टाकतात. संशय आला तर त्याच जागी लगेच पुन्हा नजर टाकता येते, फेरी पुरी व्हायची वाट बघावी लागत नाही. माझे ते आठ सेकंद या यंत्राने जवळजवळ पुसून टाकलेत, आणि खरं सांगतो, मला थोडा हेवा वाटतो. लांबवर नजर ठेवायला मागे एक फिरतं रडारही असतंच. पण जीव वाचवतात ते या पाट्या.

दुसरी झेप क्षेपणास्त्राच्या नाकात आहे. हे समजायला पावसाळ्याच्या पहिल्या रात्री शेतात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायला जायचं. जुन्या पद्धतीत एकजण गॅसबत्ती धरून उभा राहतो, दुसरा उजेडात दिसलेली कुर्ली पकडतो. बत्तीवाला हलला की कुर्ली गेली. दिल्ली वर्गाच्या विनाशिका, पहिली १९९७ ची, त्यांच्यावरचं श्टिल क्षेपणास्त्र असं होतं. जहाजावरच्या रडारने लक्ष्यावर शेवटपर्यंत किरण धरून ठेवायचा आणि क्षेपणास्त्राने परतलेल्या उजेडामागे जायचं. जितक्या बत्त्या तितक्याच कुर्ल्या. एकाच वेळी खूप लक्ष्यं आली की बत्त्या संपतात. बराक-८ च्या नाकात स्वतःचं रडार आहे, म्हणजे पकडणाऱ्याच्या कपाळावर बॅटरी बांधल्यासारखं. जहाज त्याला वाटेत दिशा सुधारून देतं, शेवटचं काम ते स्वतः करतं. जहाज पुढच्या लक्ष्याकडे वळायला मोकळं.

त्यातच एक बारकावा, जो मला फार आवडतो. बराक-८ ची मोटर दोन टप्प्यांत जळते. पहिला जोर सोडताना, दुसरा अखेरीस. साधं क्षेपणास्त्र सुरुवातीला पेटतं आणि उरलेलं अंतर मिळालेल्या वेगावर, हळूहळू मंदावत कापतं. शेवटी लक्ष्य वळलं तर त्याला वळायला दम नसतो. याच्याकडे तिथे दम राखून ठेवलेला असतो. म्हणून पल्ल्याचा आकडा वाचताना, त्या पल्ल्याच्या टोकाला क्षेपणास्त्रात किती जीव उरतो, हे नेहमी विचारायचं. जाहिरातीत ते लिहीत नाहीत.

आणि ते उभं सुटतं. तू डेकवर पुढे सोळा झाकणं मोजलीस म्हणतोस, उरलेली सोळा मागच्या बाजूला आहेत. जुन्या जहाजावर क्षेपणास्त्र एका दांड्यावर चढवायचं, दांडा लक्ष्याकडे फिरवायचा, सोडायचं, परत भरायचं. इथे कुठल्याही दिशेला वळत बसावं लागत नाही.

मग सत्तर किलोमीटर कशाला दिलेत, तीसच पुरले असते, असं तू म्हणशील. इथे 'विनाशिका' आणि 'हवाई संरक्षण' या शब्दांचा अर्थ लागतो. स्वतःपुरतं संरक्षण तर छोटं जहाजही करतं. ही जहाजं दुसऱ्यांसाठी असतात. विक्रांत किंवा विक्रमादित्य हे विमानवाहू जहाज मधोमध, तेलाचं टँकर बाजूला, आणि त्यांच्यावर येणारं संकट अडवायला ही दहा-वीस किलोमीटरवर वेगळी उभी. आपल्यावर येणारं क्षेपणास्त्र सरळ नाकासमोर येतं, ते मारणं त्यातल्या त्यात सोपं. शेजाऱ्यावर जाणारं क्षेपणास्त्र आपल्या बाजूने आडवं जातं. त्याचा पाठलाग करायला लांब हात लागतो. म्हणून पल्ला.

आणि क्षितिजापलीकडे बघायचा एक मार्ग आहेच: दुसऱ्याचे डोळे वापरायचे. दाबोळीवर कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर पाहिलंयस? पोटाखाली घडी केलेली रडारची पाटी असते. वर गेल्यावर ती उघडते, चाकं वर ओढून घेतात आणि पाटी गोल फिरायला लागते. २००३ पासून ती आपल्याकडे आहेत. तीन हजार मीटरवरून बघितलं तर त्याच पाच मीटरवरच्या क्षेपणास्त्रासाठी क्षितिज तीसवरून दोनशे तीस किलोमीटरवर जातं. एवढ्या लांब एवढी लहान वस्तू त्या रडारला दिसेलच असं नाही, पण पृथ्वी तरी आडवी येत नाही. बोगमाळोचा किनारा आणि दाबोळीचं पठार, तीच गोष्ट, फक्त पठार उडतं. जहाजंही एकमेकांना डोळे देऊ शकतात. १५ मे २०१९ ला पश्चिम किनाऱ्यासमोर आयएनएस कोची आणि आयएनएस चेन्नई या दोघींनी मिळून बराक डागलं, एकमेकींची माहिती वापरून. बातम्यांत त्याला दोन ओळी मिळाल्या. माझ्या मते त्या दशकातल्या नौदलाच्या चाचण्यांत तिच्यासारखी दुसरी नाही.

हवाई संरक्षणाचं जहाज असूनही बुडता येतं, हे शेफील्डने दाखवलं. फॉकलंडच्या युद्धात, ४ मे १९८२ ला. ब्रिटनची ही विनाशिका खास हवाई संरक्षणासाठीच बांधलेली, सी डार्ट क्षेपणास्त्रं घेऊन ताफ्याच्या पुढे पहाऱ्यावर होती. अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमानं खालून आली, क्षणभर वर उठून रडार लावलं, एक्झोसेट ही जहाजभेदी क्षेपणास्त्रं सोडली आणि वळून गेली. पलीकडच्या ग्लासगो या तिच्याच जातीच्या जहाजाने तो रडारचा क्षणभराचा आवाज पकडला, इशारा दिला, चाफ, म्हणजे रडारला फसवणाऱ्या तंतूंचा ढग, उडवलं. शेफील्ड त्याच वेळी उपग्रहावरून संदेश पाठवत होती, आणि तिच्याच प्रेषणाने शत्रूचं रडार ऐकणारं यंत्र बहिरं केलं होतं. ब्रिजवरच्यांना धूर दिसला तेव्हा चार-पाच सेकंद उरले होते. वीस जण गेले. सी डार्टचा पल्ला एक्झोसेट मारायला कमी नव्हता. एकही सुटलंच नाही.

प्रशिक्षणात हा प्रसंग आम्हाला इतक्या वेळा सांगितला की पाठ झाला. तरी वर सांगितल्याप्रमाणे मी आठ सेकंद घालवलेच.

आता संख्येकडे. इथे मी आपल्या जहाजांची बाजू ओढून घेणार नाही.

अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाचे ९६ खाने सगळे हवाई संरक्षणाचे नसतात. त्यांतच जमिनीवर मारायची टोमाहॉक, पाणबुडीविरोधी रॉकेटं, सगळं भरतात. आपल्याकडे ब्राह्मोसचे १६ वेगळे आणि बराकचे ३२ वेगळे. म्हणजे ९६ समोर ३२ नाही, ९६ समोर ४८ म्हण. तसंच ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकेला ४८ खाने आणि ते सगळे हवाई संरक्षणाच्या अ‍ॅस्टर क्षेपणास्त्राचे. हिशेब असा मांडला तर दरी कमी दिसते, पण बुजत नाही. स्वनातीत लक्ष्यावर एकाच वेळी दोन सोडायची, कारण दुसरी संधी मिळेल याची खात्री नाही, हे वर पाहिलंच. दोन-दोनच्या हिशेबाने ३२ म्हणजे सोळा लक्ष्यं. सतराव्याला काय? आणि रिकामा झालेला खाना समुद्रात भरता येत नाही. धक्क्याला लागायचं, क्रेनने नळकांडं उचलायचं, सरळ खाली उतरवायचं. लाटांवर हे करणं अमेरिकेलाही नेहमीच्या कामात जमलेलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून तांबड्या समुद्रात जे चाललं त्याने ही चिंता सगळ्यांची झाली. १९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या कार्नीने एका रात्रीत येमेनकडून आलेली क्षेपणास्त्रं आणि ड्रोन पाडले. पुढे महिनोन् महिने तेच. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र, आणि डब्यातलं एकेक कमी होत जाणारं. माझ्या मते पुढच्या विनाशिकांना खाने वाढवायलाच हवेत. ७,४०० टनाच्या अंगात जागा होती का? थोडी होती. ती खान्यांसाठी वापरली नाही, आणि दाखल झालेल्या चारही जहाजांवर ३२ च आहेत. आणखी एक गंमत: आता दाखल होत असलेल्या नीलगिरी वर्गाच्या फ्रिगेटांवरही बराक ३२ च आणि रडार एमएफ-स्टारच. वजनाने सातशेभर टन कमी, ब्राह्मोस निम्मी. मग फ्रिगेट कुठे संपते आणि विनाशिका कुठे सुरू होते? मला विचारू नकोस, नावं ठेवणाऱ्यांना विचार.

खाने वाचवायचे म्हणून बाकीच्या गोष्टी महत्त्वाच्या. पुढची तोफ ७६ मिलिमीटरची. आधी १२७ ची बसणार होती, ती राहिली आणि त्यावर बरीच हळहळ झाली. जमिनीवर मारायला १२७ बरी, पण ड्रोनवर झपाट्याने गोळे सोडायला ७६ वाईट नाही, मी तरी रडणार नाही. मग चाफ आणि फसवी लक्ष्यं. अ‍ॅल्युमिनियम चढवलेल्या काचतंतूंचा ढग हवेत सोडायचा आणि क्षेपणास्त्राला जहाज तिकडे आहे असं वाटायला लावायचं. तरुण मुलांना यात मजा वाटत नाही, कारण धडाका नाही. १९७३ च्या युद्धात सीरिया आणि इजिप्तने इस्रायली बोटींवर स्टिक्स सोडली. इलात बुडाल्यावर इस्रायलने सहा वर्षं याच विद्येवर घालवली होती, आणि त्या युद्धात त्यांची एकही बोट स्टिक्सने बुडाली नाही.

तुझ्या यादीत नसलेली एक उणीव मी सांगतो. वर मी बाणाचं बोललो, धनुर्धराचं नाही. आजची जहाजभेदी क्षेपणास्त्रं विमानातून दोनशे-तीनशे किलोमीटरवरून सुटतात. सोडणारं विमान बराकच्या हाताला लागत नाही. तिथे सत्तर खरंच कमी पडतात. ते काम विमानवाहू जहाजावरच्या मिग-२९के चं. विनाशिका एकटी असेल तर तिला बाण झेलत राहायचं, धनुर्धर सुखरूप परत जाऊन नवा भाता घेऊन येणार. एकट्या जहाजाचे आकडे जुळवत बसलं की हे निसटतं. तुझ्या बाबतीतही तेच झालं.

शेवटी तू विचारलंयस, ही जहाजं प्रत्यक्षात काय करतात. २३ डिसेंबर २०२३ ला केम प्लुटो या व्यापारी टँकरवर आपल्या किनाऱ्यापासून दोनेकशे सागरी मैलांवर ड्रोन आदळला, तेव्हा मुरगावला तिकडे धाडलं. पाठोपाठ तिला, कोचीला आणि कोलकात्याला अरबी समुद्रात पहाऱ्यावर ठेवलं. महिनाभराने, २६ जानेवारी २०२४ च्या रात्री, एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा या टँकरला क्षेपणास्त्र लागून आग लागली. टँकरवर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. जवळ होती आयएनएस विशाखापट्टणम, याच वर्गातली पहिली. क्षेपणास्त्र आधीच लागून गेलेलं, तिला पाडायला काही उरलं नव्हतं. तिच्यावरून दहा जण अग्निशमनाचं सामान घेऊन टँकरवर चढले आणि सहा तासांनी आग आटोक्यात आली.